तुकडा कोणत्या दिवशी काढायचा, कोणत्या बाटलीत घालायचा?

वाचकाचं पत्र

माझं वय ३१. लग्नाला पाच वर्षं झाली. दोनदा दिवस राहिले, पण दोन्ही वेळा सातव्या-आठव्या आठवड्यात गर्भ पडला. दुसऱ्या वेळी, चार महिन्यांपूर्वी, क्युरेटिंग करावं लागलं. पाळी आता पूर्वीसारखीच येते. पण दोन वर्षांपासून अंगावरून पांढरं जातं, कधीकधी वास येतो, कंबर दुखते. मेडिकलमधून चार गोळ्यांचं किट तीनदा आणून घेतलं. आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, मग परत सुरू. सोनोग्राफीत 'बल्की यूटेरस' लिहून आलंय. डॉक्टर म्हणतात, पिशवीच्या अस्तराला जुनी सूज असावी, तुकडा काढून सीडी-१३८ आणि टीबीची पीसीआर करू. सासऱ्यांना तीन वर्षांपूर्वी टीबी झाला होता, म्हणून तेही बघू म्हणाले. तुकडा काढल्याने अस्तर खराब होईल का? पांढरं जातं म्हणूनच गर्भ पडतो का? माझ्या मोठ्या जाऊबाई ३६ वर्षांच्या आहेत. त्यांनाही पांढरं जातं, तर 'तोंडावर जखम आहे, पिशवी काढून टाका' असं सांगितलंय. माझ्यावरही तीच वेळ येणार का?

— एक वाचक, बार्शी

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. पांढरं जातं एवढ्यासाठी कुणाचीच पिशवी काढायची नसते. तुमचीही नाही आणि जाऊबाईंचीही नाही. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, तो भाग त्यांना वाचून दाखवा.

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या जागांचे आजार एकाच नावाखाली आले आहेत. दवाखान्यातही असंच होतं, दोन्हीला 'इन्फेक्शन' म्हणून मोकळं होतात. एक जागा योनिमार्ग. दुसरी गर्भाशयाच्या आतलं अस्तर. मध्ये गर्भाशयाचं तोंड आणि त्यात घट्ट चिकट स्रावाचं बूच असतं. खालचे जंतू वर जाऊ नयेत म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. पाळीच्या दिवसांत, गर्भपात किंवा बाळंतपणानंतर, किंवा आत एखादं उपकरण गेलं की हे बूच सैल पडतं. काही जंतू ते पोखरूनही वर जातात. तुमचं पांढरं जाणं बहुधा खालचं आहे. डॉक्टर शोधताहेत ती सूज वरची आहे. दोन्ही एकदम असू शकतात, पण एक आहे म्हणून दुसरं आहेच असं होत नाही. जुनी अस्तरसूज असलेल्या कितीतरी बायकांना काहीच त्रास नसतो. फार तर दोन पाळ्यांच्या मधे एखादा डाग दिसतो किंवा ओटीपोटात बारीक दुखत राहतं.

आधी त्या किटविषयी. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या चार गोळ्यांच्या पाकिटात साधारणपणे फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एक, अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅमची एक आणि सेक्निडाझोल १ ग्रॅमच्या दोन गोळ्या असतात. पहिली बुरशीसाठी, दुसरी क्लॅमिडिया या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या जंतूसाठी, उरलेल्या दोन ट्रायकोमोनास आणि दुर्गंधी आणणाऱ्या जंतूंसाठी. म्हणजे आजार कोणता ते न बघता तिन्हींवर एकदमच औषध. त्यातल्या एखाद्या गोळीने थोडा गुण येतो म्हणून आठ-पंधरा दिवस बरं वाटतं. परत सुरू व्हायला मात्र कारणं आहेत. नवऱ्याचे उपचार झालेले नसतात. क्लॅमिडियाला आता डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस, हा अधिक खात्रीचा उपचार मानला जातो. सूज ओटीपोटापर्यंत गेली असेल तर एका दिवसाच्या गोळ्यांनी भागत नाही. सरकारी दवाखान्यांतही लक्षणांवरून रंगीत डब्यांची औषधं देतात. तिथे पांढरं जाण्यासाठीचं हिरवं किट वेगळं आणि ओटीपोट दुखण्यासाठीचं पिवळं किट वेगळं ठेवलेलं आहे, आणि पिवळ्यातल्या गोळ्या चौदा दिवसांच्या असतात. हा फरक विसरला की अर्धवट उपचार होतात. चौथं किट आणू नका.

त्याऐवजी एक साधी तपासणी करून घ्या. दहा मिनिटांचं काम असतं, तरी ते फार कमी ठिकाणी होतं. जाण्याआधी दोन दिवस शरीरसंबंध नको, आत कुठली गोळी किंवा मलम नको, आतून धुणंही नको. पाळी चालू नसताना जा. डॉक्टर स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरणारं उपकरण, लावून आधी गर्भाशयाचं तोंड नीट पाहतात. मग योनीच्या बाजूच्या भिंतीवरचा स्राव पीएच पट्टीवर लावतात. तो तोंडाजवळचा घ्यायचा नाही, कारण तिथला चिकट स्राव मुळातच अल्कधर्मी असतो आणि पट्टी फसवते. रक्त किंवा वीर्य मिसळलं असेल तरीही फसवते. निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे, दह्यातल्या जंतूंच्या जातकुळीचे जंतू आम्ल तयार करतात, त्यामुळे पीएच ४.५ च्या आत राहतो. नंतर स्रावाचा एक थेंब सलाईनमध्ये आणि एक थेंब १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मिसळून काचपट्टीवर घ्यायचा आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. 'लगेच' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. ट्रायकोमोनास हा परजीवी त्याच्या वळवळीवरून ओळखतात. पट्टी थंड पडली किंवा सुकली की तो हलायचा थांबतो आणि पांढऱ्या पेशींत मिसळून दिसेनासा होतो. म्हणून दुसऱ्या गावच्या लॅबला पाठवलेल्या नमुन्यात तो बऱ्याचदा सापडतच नाही.

कसं ओळखायचं? दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव, खूप खाज आणि पीएच नेहमीसारखा असेल तर बुरशी. ती वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव आणि वळवळणारे जीव दिसले तर ट्रायकोमोनास. यात नवऱ्यालाही औषध लागतं, त्याला काही त्रास नसला तरी. पातळ, एकसारखा, करडट-पांढरा स्राव आणि मासळीसारखा वास असेल तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस. तुमच्या वर्णनावरून पहिला संशय याचाच. याच्या चार खुणा अ‍ॅमसेल या संशोधकांनी १९८३ मध्ये ठरवून दिल्या: तसा स्राव, पीएच ४.५ च्या वर, पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकल्यावर उठणारा वास आणि 'क्लू सेल', म्हणजे कडा जंतूंनी झाकून गेलेल्या पेशी, किमान २० टक्के. चारपैकी तीन दिसल्या की निदान पक्कं. उपचार म्हणून मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणानंतर, सात दिवस. तोंडाला धातूसारखी चव येते, ती औषधाचीच. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून बंद करू नका.

व्हजायनोसिस परत परत होतो, आणि दोष बाईच्या स्वच्छतेला दिला जातो. मग ती आतून साबण, डेटॉल, इंटिमेट वॉश असं काय काय वापरते. त्याने उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही मरतात आणि आजार पक्का होतो. योनीच्या आत पाणीसुद्धा घालायचं नाही, बाहेरून साध्या पाण्याने धुतलं की झालं. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाने या दुखण्याची दुसरी बाजू दाखवली. बायकोबरोबर नवऱ्यालाही सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि लिंगाच्या त्वचेवर लावायला २ टक्के क्लिंडामायसिन मलम दिलं. बारा आठवड्यांत आजार परतण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलं. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. तुमचा अहवाल व्हजायनोसिसचा आला तर डॉक्टरांना याबद्दल नक्की विचारा. नवऱ्याला बरोबर न्या.

आणि एक शक्यता अशीही आहे की काहीच निघणार नाही. पाळीच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा ताणला जाणारा स्राव आणि पाळीआधी दाटसर पांढरा स्राव, दोन्ही निरोगी असतात. गोव्यात २००१ ते २००३ या काळात अठरा ते पंचेचाळीस वयाच्या सुमारे अडीच हजार बायकांची घरोघर पाहणी आणि प्रयोगशाळेत तपासणी झाली. २८.३ टक्के बायकांत प्रजनन मार्गाचा कुठला ना कुठला संसर्ग सापडला. त्यातला मोठा वाटा व्हजायनोसिस (१७.८ टक्के) आणि बुरशी (८.५ टक्के) यांचा होता. शरीरसंबंधातून पसरणारे संसर्ग ४.२ टक्केच होते. पण जास्त महत्त्वाचं पुढे आहे. पांढरं जाण्याची तक्रार आणि हे संसर्ग यांची सांगड फारशी जुळली नाही. मनावरचा ताण, उदासी, सततचा थकवा यांच्याशी ती तक्रार जास्त जोडलेली निघाली. याचा अर्थ बायका खोटं सांगतात असा नव्हे. शरीराचा आणि घरातला भार 'पांढरं जातं, कंबर धरते' या शब्दांत बोलून दाखवायची आपल्याकडे रीत आहे, आणि ती तक्रारही ऐकून घेण्यासारखीच असते. दोन गर्भ गमावलेल्या बाईची तर नक्कीच.

उलट बाजूही आपल्याच राज्यात दिसली. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग होता, दरडोई सरासरी ३.६. निम्म्याच्या आसपास आजार संसर्गाचे होते. ४५ टक्के बायकांची मात्र काहीच तक्रार नव्हती, आणि आधी कधी अंतर्गत तपासणी व उपचार झालेल्या जेमतेम ८ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून गोवा चांगलं आणि गडचिरोली वाईट असं म्हणता येत नाही. गडचिरोलीत पाळीच्या तक्रारींसकट सगळेच स्त्रीरोग मोजले होते, गोव्यात फक्त संसर्ग. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे: नुसत्या तक्रारीवरून आजार ओळखता येत नाही, आणि तक्रार नाही म्हणून आजार नाही असंही नाही.

आता अस्तराकडे वळू. तुमची खरी भीती इथे आहे.

अस्तराचे दोन थर असतात. वरचा दर महिन्याला पाळीत गळून जातो. खालचा तसाच राहतो आणि त्यातून नवा वरचा थर उगवतो. पाळी संपताना जाडी २ ते ४ मिलिमीटर उरते, दुसऱ्या पंधरवड्यात ती दहा मिलिमीटरच्या पुढेही जाते. तपासणीसाठीचा तुकडा वरच्या थरातून घेतात, जो थोड्या दिवसांत पाळीत जाणारच असतो. म्हणून त्याने अस्तर खराब होत नाही. नुकसान होतं ते धारदार क्युरेटने खालच्या थरापर्यंत खरवडल्यास. मग समोरासमोरच्या भिंती चिकटतात आणि पाळी अगदी कमी होते किंवा बंदच पडते. तुमची पाळी क्युरेटिंगनंतर पूर्वीसारखीच येते, ही चांगली खूण आहे.

'बल्की यूटेरस'चं ओझं मनावर घेऊ नका. पिशवी नेहमीच्या मापापेक्षा जराशी मोठी, एवढाच त्याचा अर्थ, आणि चार महिन्यांपूर्वी तुमचे दिवस गेलेले होते. अस्तराची जुनी सूज सोनोग्राफीत दिसत नाही.

ती दिसते सूक्ष्मदर्शकाखाली, आणि तीही एका विशिष्ट पेशीवरून. अस्तरात रोगप्रतिकारक पेशी नेहमीच असतात. पाळीच्या आधी तर त्यांची गर्दी होते, गर्भ रुजायला त्यांची मदत लागते. म्हणून नुसत्या पांढऱ्या पेशी दिसल्या म्हणजे सूज नव्हे. प्लाझ्मा पेशी मात्र निरोगी अस्तरात जवळजवळ नसतात. त्या आल्या म्हणजे शरीर तिथे कुठल्यातरी जंतूशी बराच काळ झगडतंय. नेहमीच्या रंगात त्या आजूबाजूच्या पेशींत लपतात, म्हणून सीडी-१३८ नावाच्या प्रथिनाला चिकटणारा खास रंग वापरतात. त्यात त्या तपकिरी कडेच्या उठून दिसतात. पण हाच रंग अस्तरातल्या ग्रंथींच्या पेशींनाही लागतो. घाईत पाहणारा त्या मोजून बसतो आणि नसलेली सूज कागदावर येते. शिवाय किती प्लाझ्मा पेशी म्हणजे सूज, यावर जगभरात अजून एकमत नाही. कुणी एक दिसली तरी सूज म्हणतो, कुणी पाच. म्हणून अहवालात नुसतं 'पॉझिटिव्ह' चालवून घेऊ नका. किती क्षेत्रं पाहिली आणि त्यांत किती पेशी मिळाल्या, हे लिहून मागा. शक्य असेल तर हिस्टेरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून आत पाहणं, जोडीला करावं. लालबुंद भागावर पांढरे ठिपके, सुजलेलं फिकट अस्तर, एक मिलिमीटरपेक्षाही लहान मोडासारखे उंचवटे या तिथल्या खुणा आहेत. गर्भपातानंतर आत काही राहून गेलं असेल तर तेही दिसतं, आणि तुमच्या बाबतीत ते पाहण्यासारखं आहे.

या सुजेमागे बहुतेक वेळा ई. कोलाय, एन्टरोकोकस, स्ट्रेप्टोकोकस असे नेहमीचेच जंतू सापडतात. परमा किंवा क्लॅमिडियाचे क्वचित. त्यामुळे अहवाल सुजेचा आला तर घरात संशयाचं वातावरण करू नका.

दिवस कोणता निवडायचा? इथे दोन तपासण्यांची ओढाताण होते. प्लाझ्मा पेशी बघायच्या तर पाळी सुरू झाल्यापासून सहाव्या ते बाराव्या दिवसात तुकडा घ्यावा. नंतर अस्तरातल्या इतर पेशींची गर्दी वाढते आणि वाचणं अवघड होतं. टीबी बघायचा तर उलट, पाळी यायच्या तोंडावर घ्यावा. दर महिन्याला अस्तर गळून जात असल्याने टीबीच्या गाठींना वाढायला तेवढेच दिवस मिळतात. तुमच्या बाबतीत माझं मत पहिल्या पंधरवड्याचं आहे. दोनदा नैसर्गिकरीत्या दिवस राहिलेत, पाळी नीट येते. जननेंद्रियांचा टीबी बहुतेक वेळा आधी नलिकांना धरतो आणि दिवसच राहू देत नाही. मुख्य संशय सुजेचा आहे. टीबीसाठी त्याच तुकड्याचा भाग वेगळा काढता येतो. डॉक्टरांना टीबीचा संशय अधिक वाटत असेल तर पाळीआधीचा दिवस घेतील. तेव्हा त्या महिन्यात निरोध वापरा, नाहीतर रुजू पाहणाऱ्या गर्भावरच नळी जायची.

त्याआधी खालचा संसर्ग बरा करा. व्हजायनोसिस चालू असताना नळी आत घातली तर खालचे जंतू आपणच वर नेऊन सोडतो. पण प्रतिजैविकं घेतल्या घेतल्या तुकडा काढला तर सूज दबलेली दिसते. म्हणून आधी उपचार, मग एक पाळी जाऊ द्यायची, नंतरच्या पाळीच्या सहाव्या दिवसानंतर तुकडा. गर्भपातानंतरही काही आठवडे प्लाझ्मा पेशी आपसूक दिसू शकतात. तुमचे चार महिने झालेत, तो प्रश्न उरला नाही.

तुकडा काढण्यासाठी भूल लागत नाही. तासभर आधी काहीतरी खाऊन आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम घ्यावी, मात्र अल्सर, दमा किंवा या गोळीची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. लघवीची गर्भचाचणी करतात. स्पेक्युलम लावून तोंड बीटाडीनने पुसतात आणि सुमारे ३ मिलिमीटर जाडीची लवचिक प्लास्टिक नळी आत सरकवतात. तिच्यात पिचकारीसारखा दट्ट्या असतो. तो मागे ओढला की आत पोकळी तयार होते आणि नळी फिरवत पुढे-मागे केली की अस्तराच्या बारीक पट्ट्या आत खेचल्या जातात. पाळीतल्यासारखी जोरदार कळ येते, मिनिटभरात ओसरते. एखादीला चक्कर येते, म्हणून लगेच उठून उभं राहू नका. एक-दोन दिवस डाग दिसतात, ते थांबेपर्यंत संबंध नको. १००.४ अंश फॅरेनहाइटपेक्षा जास्त ताप, घाण वास, वाढतं दुखणं किंवा तासाला एक पॅड भिजेल इतकं रक्त, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका.

आता बाटल्या. चूक सर्वांत जास्त इथे होते आणि तिची दुरुस्ती नाही. तुकडा निघाला की नर्स सवयीने सगळाच फॉर्मालिनच्या बाटलीत टाकते. फॉर्मालिन पेशींचा आकार जपतं, पण जंतू मारतं. मग टीबीचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं, होऊच शकत नाही आणि पुन्हा टेबलावर चढावं लागतं. तुकडा तिथेच विभागायचा. एक भाग १० टक्के फॉर्मालिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रव हवा. हा पेशी बघायला आणि सीडी-१३८ साठी. दुसरा भाग निर्जंतुक सलाईनमध्ये, हा टीबीच्या जंतूचे जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर चाचणीसाठी (सीबीनॅट किंवा ट्रूनॅट) आणि कल्चरसाठी. सलाईनची बाटली त्याच दिवशी पोचली पाहिजे, उशीर होणार असेल तर बर्फाच्या डब्यातून. टेबलावर जाण्याआधी विचारा, 'सलाईनची बाटली ठेवलीय ना?' विचारायला संकोच करू नका. दोन्ही बाटल्यांवर आणि फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख लिहून घ्या. पाळीचा कितवा दिवस हे माहीत नसलेला पॅथॉलॉजिस्ट अस्तर नीट वाचू शकत नाही.

टीबीच्या पीसीआरबाबत एक इशारा. खासगी लॅबमधली नुसती पीसीआर पॉझिटिव्ह आली, पण पेशींत टीबीच्या गाठी नाहीत, कल्चर नाही, दुर्बिणीत काही नाही, तर तेवढ्यावर टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या नसतात. मेलेल्या जंतूंचे अंश किंवा लॅबमधली भेसळसुद्धा पॉझिटिव्ह दाखवते. निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाहीच असंही नाही, कारण अस्तरात जंतू फार थोडे असतात. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो, तेवढी वाट बघा. मान्टू (त्वचेवरची) किंवा टीबी गोल्ड (रक्ताची) चाचणी फक्त जंतूशी कधीतरी गाठ पडल्याचं सांगते. सासरे घरातच होते, त्यामुळे ती पॉझिटिव्ह आली तर नवल नाही. रक्तातली टीबीची अँटिबॉडी तपासणी तर सरकारने २०१२ मध्येच बंद केली आहे, कुणी सुचवली तर नको म्हणा. छातीचा एक्स-रे मात्र काढून घ्या. टीबी खरंच निघाला तर औषधं सहा महिन्यांची आणि सरकारी केंद्रात मोफत आहेत: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, घाबरू नका. गर्भनिरोधक गोळ्या मात्र त्याच्याबरोबर निकामी होतात, म्हणून तेवढा काळ निरोध वापरा.

जुनी सूज निघाली तर नेहमीचा पहिला उपचार डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चौदा दिवस. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नका. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आणि अ‍ॅसिडिटीचं औषध आधी-नंतर दोन तास दूर ठेवा. त्यांच्याबरोबर ही गोळी शरीरात शोषलीच जात नाही. गर्भपातानंतर लोहाच्या गोळ्या बहुतेकींच्या चालू असतात आणि औषध लागू न पडण्याचं हे एक न दिसणारं कारण असतं. या काळात दिवस राहू देऊ नका. एक-दोन पाळ्यांनंतर पुन्हा तुकडा काढून सूज गेल्याची खात्री करावी. नाही गेली तर दुसरी औषधं आहेत.

मग, पांढरं जातं म्हणून गर्भ पडला का? बहुधा नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचा योगायोगाने झालेला दोष असतो. त्यात आईच्या खाण्यापिण्याचा, कामाचा, पांढऱ्याचा काही संबंध नसतो. जुनी अस्तरसूज वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांत जास्त आढळते हे खरं. औषध घेतल्यावर पुढची गर्भधारणा टिकते, असंही अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांत औषध न घेतलेल्या बायकांशी तुलनाच नव्हती. म्हणूनच युरोपची मार्गदर्शक तत्त्वं ही तपासणी सरसकट सगळ्यांना सांगत नाहीत. तुमचं क्युरेटिंग झालेलं असल्याने ती करणं योग्य वाटतं. मात्र तिच्याआधी, निदान तिच्याबरोबर, या रक्ततपासण्या हव्यात: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट आणि अँटिकार्डिओलिपिन (रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या प्रतिपिंडांसाठी; पॉझिटिव्ह आल्यास बारा आठवड्यांनी पुन्हा), टीएसएच (थायरॉईडसाठी), एचबीए१सी (साखरेसाठी). पोकळीचा आकार बघायला थ्रीडी सोनोग्राफी. टॉर्चची, म्हणजे टोक्सोप्लाझ्मा, रुबेला अशा संसर्गांच्या तपासण्यांची, महागडी यादी कुणी लिहून दिली तर पैसे वाचवा, वारंवार गर्भपाताचं कारण शोधायला तिचा उपयोग नाही.

आता जाऊबाई. 'तोंडावर जखम' म्हणतात ती बहुतेक वेळा जखम नसतेच. गर्भाशयाच्या आतल्या मार्गाचं नाजूक, लाल अस्तर बाहेरच्या बाजूला थोडं पसरलेलं असतं. तरुणपणी, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ते असंच दिसतं. त्यातून स्राव जास्त येतो, पण तो कॅन्सर नव्हे आणि त्याची सुरुवातही नव्हे. कॅन्सरची शंका असेल तर ती तपासून घ्यायची. पॅप (तोंडावरच्या पेशींची) किंवा एचपीव्ही (कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची) चाचणी करावी. नाहीतर व्हीआयए, म्हणजे तोंडावर सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग उठतो का हे पाहणं. तीस ते पासष्ट वयाच्या बायकांसाठी ती सरकारी कार्यक्रमात आहे. संबंधानंतर रक्त जात असेल तर ही तपासणी लांबवू नका.

भीती दाखवून पिशव्या काढल्याचं काय होतं ते बार्शीजवळच्या बीड जिल्ह्याने पाहिलं आहे. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत तिथल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या कित्येकींची मूळ तक्रार पांढरं जाणं, पाळीचा त्रास, ओटीपोट दुखणं हीच होती. छत्तिसाव्या वर्षी पिशवीबरोबर बीजकोशही गेले तर दुसऱ्या दिवसापासून रजोनिवृत्ती सुरू होते, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी पाळीचं वय लवकर संपण्याचा संभव असतो. आणि पांढरं योनीतून जात असेल तर पिशवी काढूनही ते जातच राहतं.

जाऊबाईंना विचारा, पॅप, एचपीव्ही किंवा व्हीआयएचा कागद आहे का? नसेल तर ऑपरेशनची तारीख घेऊ देऊ नका. दोघी एकाच दिवशी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जा आणि स्पेक्युलम तपासणी, पीएच, काचपट्टी हे सगळं दोघींचं करून घ्या. तुम्हीही तिशी ओलांडली आहे, तुमची व्हीआयए त्याच टेबलावर होऊन जाईल.